डांबराखालचं कापड : १९२६ च्या एका वाक्यामागचा इतिहास

जिओटेक्स्टाइलवरचा कुठलाही प्रबंध उघडा. लिटरेचर रिव्ह्यूच्या पहिल्या एक-दोन पानांत एक वाक्य बहुतेक वेळा सापडतंच: रस्त्याच्या बांधकामात कापड वापरण्याचा सुरुवातीचा प्रयोग अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या महामार्ग खात्याने १९२६ साली सुरू केला. वाक्य बरोबर आहे. अडचण अशी की त्याच्यापुढे पूर्णविराम पडतो आणि पुढचं वाक्य थेट १९६०-७० च्या दशकात जाऊन उतरतं. मधली चाळीस वर्षं कुठे गेली? प्रयोग यशस्वी झाला की फसला? यशस्वी झाला असेल तर कापूस आज रस्त्यात का दिसत नाही? हे फारसं कोणी विचारत नाही.

आज त्या एका वाक्याच्या मागे जाऊ या. तुमच्यापैकी कुणी पेटची तयारी करत असेल, कुणी सिनॉप्सिस लिहीत असेल, कुणी आरआरसीसमोर उभं राहायच्या बेतात असेल. विषय सिव्हिलचा असला तरी लेख फक्त सिव्हिलवाल्यांसाठी नाही. ‘अमुक गोष्टीचा उपयोग होतो का?’ असा प्रश्न घेऊन संशोधनाला बसणाऱ्या कुणालाही हा इतिहास कामाला येईल.

मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवलेला बरा. कापड ‘चाललं’ की ‘फसलं’ हे नुसत्या कापडाकडे बघून ठरवता येत नाही. त्याला नेमकं कोणतं काम दिलं होतं, यावरून ते ठरतं. आणि डांबराखालच्या कापडाच्या बाबतीत बराच काळ ते काम कोणी स्पष्ट शब्दांत लिहूनच ठेवलं नव्हतं.

आधी रस्त्याच्या पोटात बघू

सगळ्यात खाली मूळ माती. तिच्यावर मुरूम किंवा खडीचे थर, रोलरने दाबलेले. त्यावर डांबर मिसळलेल्या खडीचे थर. काही वर्षांनी रस्ता जुना झाला, भेगा पडल्या, की त्याच्यावरच नवा डांबरी थर चढवतात. आपल्याकडे रस्त्यावर काम करणारे लोक त्याला ‘कारपेट मारलं’ असंही म्हणतात.

या रचनेत कापड दोन अगदी वेगळ्या जागी येतं.

पहिली जागा खाली, माती आणि खडी यांच्या मध्ये. पावसाळ्यात माती ओली होते, वरून ट्रक जातात, खडी चिखलात रुतते आणि चिखल खडीच्या फटींतून वर येतो. अशा जागी कितीही खडी ओतली तरी ती चिखलाच्या पोटात जाते. मध्ये कापड असेल तर दोन्ही थर वेगळे राहतात, पाणी मात्र कापडातून निघून जातं. म्हणजे इथे कापड पाझरणारंच हवं.

दुसरी जागा वर, जुना डांबरी थर आणि नवा डांबरी थर यांच्या मध्ये. जुन्या थरातली भेग गप्प बसत नाही. गाडीचं चाक तिच्यावरून गेलं की भेगेच्या दोन्ही कडा खालीवर होतात. थंडी-उन्हात त्या एकमेकींपासून लांब जातात आणि जवळ येतात. वरच्या नव्या थरावर त्याच रेषेत ताण पडतो आणि काही काळाने तीच भेग वर उमटते. हिला परावर्तित भेग म्हणतात. इंजिनिअर लोकांचा ढोबळ ठोकताळा असा की भेग वर्षाला साधारण २५ मिलिमीटर वर चढते. म्हणजे ५० मिलिमीटरचा नवा थर दोनेक वर्षांत जुन्या भेगा दाखवायला लागतो. इथे घातलेलं कापड गरम डांबराने पूर्ण भिजावं लागतं, त्यामुळे ते अजिबात पाझरत नाही.

म्हणजे एका जागी कापडाने पाणी जाऊ द्यायचं आणि दुसऱ्या जागी अडवायचं. बाजारात दोघांनाही सर्रास ‘मेम्ब्रेन’ म्हणतात. हा गोंधळ लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

१९२६ : कापूस, डांबर, वाळू

साउथ कॅरोलायनामध्ये केलं ते असं. मातीचा पाया तयार करून त्यावर पातळ डांबराचा प्राइम मारला. त्यावर जाड सुती कापड अंथरलं. कापडावर गरम डांबर ओतलं आणि वर वाळूचा पातळ थर पसरला. बेकहॅम आणि मिल्स या दोघांनी या कामाचा अहवाल १९३५ साली ‘इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड’ या साप्ताहिकात दिला. त्यात वेगवेगळ्या आठ ठिकाणच्या प्रयोगांची माहिती होती. निष्कर्ष असा होता: कापड खराब होईपर्यंत रस्ते चांगल्या स्थितीत राहिले, भेगा कमी पडल्या, खडी सुटणं कमी झालं, जागोजागी रस्ता खचणंही कमी झालं.

आता या निष्कर्षातले ‘कापड खराब होईपर्यंत’ हे तीन शब्द बघा. बऱ्याच प्रबंधांत ते गाळले जातात किंवा ‘सुती कापड कुजत असल्याने पुढे कृत्रिम धागे आले’ एवढ्यावर भागतं. पण त्या तीन शब्दांत एक अख्खा संशोधनप्रश्न आहे. कापड कुजेपर्यंत भेगा कमी पडल्या, म्हणजे कापड नेमकं काय करत होतं? मातीला डांबरापासून वेगळं ठेवत होतं, डांबराला ताणात धरून ठेवत होतं, की डांबर शोषून एक जलरोधक थर तयार करत होतं? तिन्ही शक्य आहेत. एकाच चादरीकडून तिन्ही कामं एकदम करून घेतली जात होती. मोजलं जात होतं ते मात्र एकच, वरून रस्ता कसा दिसतो.

आज आपण अशा प्रयोगाला नावं ठेवू, ते योग्य नाही. १९२६ साली मृदायांत्रिकी हे शास्त्रच बाल्यावस्थेत होतं. टेर्झाघीचं मृदायांत्रिकीवरचं पायाभूत जर्मन पुस्तक आदल्याच वर्षी, १९२५ साली आलं होतं. नऊ वर्षं रस्त्यावर नजर ठेवून नंतर अहवाल देणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. आजही नाही. तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये बसणारं हे काम नाही, हे तुम्हाला लवकरच कळेल.

कापूस उरला म्हणून

साउथ कॅरोलायना हे कापसाचं राज्य. १९२६ साली अमेरिकेत कापसाचं तोवरचं विक्रमी पीक आलं, जवळपास एक कोटी ऐंशी लाख गाठी, आणि भाव कोसळला. प्रयोग आणि भावाची घसरण एकाच वर्षातली आहे. वर्ष एक असलं म्हणून एकामुळे दुसरं झालं असं मात्र लिहायचं नाही. हा मोह इतिहासाच्या प्रकरणात फार होतो.

१९३० च्या दशकात मात्र संबंध उघड आहे. १९२९ साली पौंडाला सतरा सेंटच्या आसपास असलेला कापसाचा भाव १९३१ पर्यंत सहा सेंटच्या खाली आला. १९३३ साली रूझवेल्ट सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन सुमारे एक कोटी एकरांवरचं उभं कापसाचं पीक नांगरून टाकायला लावलं. १९३५ च्या कायद्याच्या कलम ३२ नुसार सीमाशुल्काच्या उत्पन्नातला ३० टक्के हिस्सा उरलेल्या शेतमालाला नवे ग्राहक आणि नवे उपयोग शोधायला राखून ठेवला गेला. त्याच काळात केंद्र सरकारच्या कृषी खात्याने राज्यांच्या महामार्ग खात्यांना डांबरी रस्त्यांत घालायला सुती कापड पुरवलं. काँक्रीट ओलं ठेवायला कापसाच्या गाद्याही दिल्या.

विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या वाचकाला हे वाचून काय वाटेल ते वेगळं सांगायला नको. पडलेला भाव, उरलेला माल आणि सरकारने शोधलेला एखादा उपयोग ही साखळी आपल्या ओळखीची आहे.

पण संशोधकाच्या नजरेने बघा. इथे प्रश्न ‘रस्ता टिकवायला काय घालावं?’ असा नव्हता. ‘कापूस कुठे घालावा?’ असा होता. उत्तर आधी हातात होतं, प्रश्न नंतर शोधला गेला. याचा अर्थ प्रयोग खोटे होते असा नाही. पण उद्देश कापूस खपवण्याचा असेल, तर कापडाऐवजी तेवढ्याच पैशांत खडीचा थर जाड केला असता तर काय झालं असतं, हे बघायची कुणाला घाई नसते. आणि उद्देश संपला की प्रयोगही संपतो. कापसाचं संकट ओसरलं, महायुद्ध सुरू झालं, कापसाला गिऱ्हाईक मिळालं आणि सुती रस्त्यांचा विषय मागे पडला. ती मधली चाळीस वर्षं बरीचशी इथे गेली.

नवा धागा

कापड परत आलं ते रस्त्यातून नाही, पाण्यातून. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धूप थांबवायला दगडांच्या किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या खाली विणलेलं प्लॅस्टिकचं कापड घालायला सुरुवात झाली. त्याआधी तिथे वाळू-खडीचे थर रचून गाळणी करत. कार्थेज मिल्स या कंपनीच्या रॉबर्ट बॅरेट यांनी या कामांवर १९६६ साली एक शोधनिबंध सादर केला. तो आजही जिओटेक्स्टाइलच्या इतिहासातला महत्त्वाचा निबंध मानतात. कारण त्यात कापडाला एकच काम दिलेलं होतं, पाणी जाऊ द्यायचं आणि वाळू अडवायची. काम एकच, म्हणून कापडाच्या छिद्रांचा आकार, उघड्या जागेचं प्रमाण अशा मोजता येण्याजोग्या गोष्टींवर चर्चा होऊ शकली.

डांबरात कापड परत आणलं ते तेल कंपनीने. फिलिप्स पेट्रोलियमच्या हॉगन आणि बँक्स या रसायनशास्त्रज्ञांना १९५१ साली स्फटिकी पॉलिप्रोपिलीन सापडलं होतं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच कंपनीने पॉलिप्रोपिलीनचं न विणलेलं, फेल्टसारखं कापड ‘पेट्रोमॅट’ नावाने रस्त्यांसाठी बाजारात आणलं. पद्धत साधारण अशी: जुना रस्ता साफ करायचा, मोठ्या भेगा भरून घ्यायच्या, चौरस मीटरला एक लिटरच्या वर गरम डांबर फवारायचं, त्यावर कापड सुरकुत्या न पडू देता अंथरायचं आणि वर नवा डांबरी थर टाकायचा. नव्या थराच्या उष्णतेने खालचं डांबर वर चढतं आणि कापड पूर्ण भिजतं.

सुती रस्त्याशी याचं साम्य दिसलं ना? कापड, गरम डांबर, वर आवरण. फरक दोन. एक, पॉलिप्रोपिलीन कुजत नाही. दुसरा, ते साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे वर टाकायचा माल फार गरम असून चालत नाही. जुनी अडचण गेली आणि नवी आली.

पॅरिस, १९७७ : एका शब्दाचा जन्म

तोपर्यंत या वस्तूला एक नाव नव्हतं. फिल्टर क्लॉथ, प्लॅस्टिक फिल्टर, इंजिनिअरिंग फॅब्रिक, जो तो आपल्या सोयीने म्हणे. एप्रिल १९७७ मध्ये पॅरिसला भूतंत्रातल्या कापडांच्या वापरावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे जे. पी. जिरू या फ्रेंच अभियंत्याने दोन शब्द मांडले, ‘जिओटेक्स्टाइल’ आणि ‘जिओमेम्ब्रेन’. पहिलं पाझरणारं, दुसरं न पाझरणारं. जिरू यांनी स्वतः १९७० साली फ्रान्समधल्या व्हालक्रो धरणात न विणलेलं कापड गाळणी म्हणून वापरलं होतं आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याचे नमुने काढून तपासले गेले. योगायोगाने १९७७ सालीच अमेरिकेच्या वन खात्याने कमी वाहतुकीच्या जंगल रस्त्यांत कापड कसं वापरायचं याची मार्गदर्शिका काढली. १९८३ साली याच विषयाची आंतरराष्ट्रीय संस्थाही पॅरिसमध्ये स्थापन झाली.

नाव दिल्याने काय बदलतं? बरंच. नाव आलं की व्याख्या येते, व्याख्या आली की कामांची यादी येते. वेगळं ठेवणं, गाळणं, पाणी वाहून नेणं, मजबुती देणं, अडवणं. आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात ही यादी पहिल्या प्रकरणात असते आणि विद्यार्थी ती व्हायवासाठी पाठ करतात. खरं तर ती यादी म्हणजे या क्षेत्राने पन्नास वर्षांत कमावलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे. १९२६ च्या इंजिनिअरकडे कापड होतं, डांबर होतं, चिकाटी होती. ही यादी नव्हती.

आता मघाचा गोंधळ. डांबराच्या दोन थरांमधलं कापड यातलं कोण? गोदामात असतं तेव्हा ते पाझरतं, म्हणजे टेक्स्टाइल. रस्त्यावर डांबर प्यायल्यावर पाझरत नाही, म्हणजे मेम्ब्रेन. ही वस्तू कारखान्यात अर्धीच तयार होते, उरलेली रस्त्यावर, मजुरांच्या हातून. डांबर कमी फवारलं तर कापड भिजत नाही, पाणी अडत नाही आणि नवा थर जुन्यावरून सरकू शकतो. जास्त फवारलं तर डांबर वर येतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या कापडाच्या तुकड्यावर केलेली चाचणी अख्ख्या रस्त्याबद्दल फार थोडं सांगते. तुमच्या विषयातही अशी वस्तू असेल, जी वापरणाऱ्याच्या हातात गेल्यावरच पूर्ण होते. तिच्यावर संशोधन करताना ‘नमुना’ नेमका कुठून घ्यायचा याचा आधी विचार करा.

भेगा मोजल्या, पाणी मोजलं नाही

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने परावर्तित भेगा कमी कशा करायच्या यावर अनेक राज्यांना सोबत घेऊन प्रयोगांची मालिका चालवली. राज्यांनी स्वतःचेही प्रयोग केले. कापड घातलेला तुकडा, शेजारी बिनकापडाचा तुकडा, दरवर्षी जाऊन भेगांची लांबी मोजायची.

निकाल सरमिसळ आले. उष्ण आणि सौम्य हवेच्या भागांत कापडाने भेगा लांबवल्या. कडाक्याच्या थंडीच्या भागांत फारसा फरक पडला नाही. मगरीच्या पाठीसारख्या बारीक जाळीदार भेगांवर कापड चांगलं चाललं. जिथे खालच्या काँक्रीटचे सांधे खालीवर हलत होते किंवा थंडीने रुंद भेगा उघडत होत्या, तिथे नाही. कारणही समजण्यासारखं आहे. हे फेल्टसारखं कापड सहज ताणलं जातं. डांबरी थराच्या तुलनेत ते इतकं लवचीक आहे की लोखंडी सळईसारखं ते ताण पेलूच शकत नाही. ते फार तर दोन थरांमध्ये मऊ गादीसारखं राहून खालची हालचाल वर कमी पोचू देतं. हालचाल मोठी असेल तर गादी पुरत नाही.

इथवर ठीक. पण खरा मुद्दा पुढे आहे. भेग वर आली तरी डांबर प्यायलेलं कापड बहुतेक वेळा खाली अखंड राहतं आणि पाणी खडीच्या थरात शिरू देत नाही. रस्त्याचा खरा शत्रू पाणी आहे, हे आपल्याकडे जुलै महिन्यात कुणालाही पटेल. म्हणजे भेगा परत आल्या म्हणून ज्या तुकड्यावर ‘फसला’ असा शेरा पडला, तिथे कापडाचं एक काम चालूच असण्याची शक्यता होती. भेगा मोजायला रस्त्यावरून चालत जाऊन वहीत टिपलं की झालं. पाणी अडतंय का हे बघायला रस्त्याला भोकं पाडून कोअर काढावे लागतात, त्यांची पाझरण्याची चाचणी करावी लागते. जे मोजायला सोपं, तेच यशाचं माप ठरलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी कापडाची वकिली करतोय असं वाटेल. तुलना कशाशी करायची? बिनकापडाच्या तुकड्याशी तुलना केली तर कापड थोडं तरी चांगलं ठरेलच. पण कापडाला आणि जास्तीच्या डांबराला पैसे लागतात. तेवढ्या पैशांत नवा थरच जाड केला असता तर? कॅलिफोर्नियाच्या परिवहन खात्याने हाच हिशोब मांडला आणि भेगा लांबवण्यापुरतं कापड हे सुमारे ३० मिलिमीटर डांबरी थराच्या बरोबरीचं धरलं. अट अशी की रस्त्याला ताकदीसाठी वेगळ्या जाडीची गरज नसावी. या एका अटीत कापडाचं काम काय आणि काय नाही, दोन्ही लिहिलेलं आहे. अशी वाक्यं आपल्या प्रबंधात यायला हवीत.

आणखी एक खर्च फार उशिरा लक्षात आला. रस्ता पुन्हा खरवडून जुनं डांबर परत वापरायचं असेल तर आत अडकलेलं कापड त्रास देतं. प्रयोग पाच वर्षांचा असेल तर हा खर्च दिसतच नाही, कारण तो पंधराव्या वर्षी येतो.

ताग, काथ्या आणि आपले रस्ते

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे कापूस नाही, ताग पुढे आला, आणि कारण ओळखीचंच आहे. गोणपाटाची जागा प्लॅस्टिकच्या पोत्यांनी घेतली, बंगालच्या ताग गिरण्यांना नवं गिऱ्हाईक हवं होतं. २००० सालच्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. २००२ साली इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यांतल्या जिओटेक्स्टाइलसाठी एसपी ५९ ही मार्गदर्शिका काढली आणि २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. त्याच पहिल्या दशकात आसाम, पश्चिम बंगाल, ओडिशा, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातल्या काही ग्रामीण रस्त्यांखाली तागाचं कापड घालून बघितलं गेलं. जून २०२० मध्ये केंद्राने याच योजनेत काथ्याच्या कापडाला मान्यता दिली. सात राज्यांत मिळून १६७४ किलोमीटर रस्ते ठरले, त्यातले ३२८ किलोमीटर महाराष्ट्रातले.

पण ताग कुजतो. ओल्या मातीत एक-दोन पावसाळ्यांत त्याची ताकद संपते. काथ्यात लिग्निन पुष्कळ जास्त असतं म्हणून तो जास्त टिकतो, पण कधीतरी तोही कुजतोच. मग साउथ कॅरोलायनातला कापूस कुजला म्हणून मागे पडला आणि ताग कुजूनही चालतो, हे कसं?

तागाच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद असा. इथे कापड डांबराच्या मध्ये नाही, मातीच्या वर आहे. त्याचं काम तात्पुरतं आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत ते खडी रुतू देत नाही आणि मातीतलं पाणी निघून जायला मदत करतं. तेवढ्यात वरच्या भाराने माती दबून घट्ट होते. कापड कुजेपर्यंत मातीने स्वतःचं ओझं उचलायला सुरुवात केलेली असते. म्हणजे कापड कुजलं हे अपयश नाही, काम संपल्याची खूण आहे.

युक्तिवाद तर्काला धरून आहे. तरी संशोधकाने इथे सावध व्हायला हवं. काम आधी लिहून ठेवलं होतं आणि मग कापड कुजलं, तर तो निष्कर्ष. कापड कुजलेलं बघून मग ‘त्याचं काम तेवढंच होतं’ असं म्हटलं, तर ती पळवाट. दोन्ही वाक्यं कागदावर सारखीच दिसतात. फरक फक्त तारखेचा असतो.

आपल्या काळ्या मातीत ही काळजी आणखी घ्यावी लागते. हिला इंग्रजीतही कापसाच्याच नावाने ओळखतात. ती नुसती मऊ नाही, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. खाली घातलेलं पाझरणारं कापड खडी आणि चिखल वेगळे ठेवेल. मातीचं फुगणं मात्र ते थांबवू शकत नाही, कारण पाणी त्यातून जातच राहतं. फुगणं रोखायचं तर मातीतला ओलावा फार बदलू न देणं हे वेगळं काम आहे. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या भागात त्यासाठी महामार्गांच्या कडेने जमिनीत उभे जिओमेम्ब्रेनचे पडदे घातले गेले. टेक्स्टाइल आणि मेम्ब्रेन या शब्दांतला फरक इथे पुस्तकी राहत नाही. चुकीचा शब्द म्हणजे चुकीचा माल, आणि त्याची किंमत त्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या गावाने मोजायची. एसटी बंद, दुधाची गाडी बंद, बाळंतिणीला बैलगाडीतून न्यायचं. ‘कापड चाललं का?’ हा प्रश्न त्यांच्यासाठी आकडेवारीचा नाही.

सिनॉप्सिस लिहिताना

या इतिहासातून सिनॉप्सिसपुरते चार प्रश्न काढून ठेवा. विषय कुठलाही असो, कापडाच्या जागी आपली वस्तू, पद्धत किंवा योजना घाला.

१. तिला नेमकं कोणतं काम दिलं आहे? एका वाक्यात, एकच काम. दोन कामं असतील तर दोन प्रश्न, दोन मोजमापं.

२. तुलना कशाशी? ‘काहीच न करण्या’शी की तेवढ्याच खर्चात करता येणाऱ्या दुसऱ्या उपायाशी?

३. जे मोजणार आहोत ते त्या कामाचं माप आहे की फक्त मोजायला सोपं आहे?

४. काय दिसलं तर आपण ‘हे चाललं नाही’ असं मान्य करू? हे डेटा गोळा करायच्या आधी, तारीख घालून लिहून ठेवायचं.

पाचवा प्रश्न आरआरसीत कोणी विचारत नाही, पण स्वतःला विचारावा: हा प्रश्न कुणाला पडला आहे? रस्ता खराब झालेल्यांना, की माल उरलेल्यांना? दुसऱ्यांना पडला असला तरी हरकत नाही, तागाच्या किंवा काथ्याच्या धंद्यावरही हजारो घरं चालतात. फक्त ते आपल्याला माहीत असावं, आणि प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात वाचणाऱ्यालाही कळावं.

आणि तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूत १९२६ चं ते वाक्य आलंच, तर पूर्णविराम देण्याआधी थांबा. ‘कापड खराब होईपर्यंत’ हे तीन शब्द त्यात घाला. मग पुढचा परिच्छेद काय लिहायचा हे आपोआप सुचेल.